मंडळी तीच, माणसें निराळीं

खानदेश म्हटलें कीं, कपाशीचीं शेतें, केळीच्या बागा, वांग्याचें भरीत आणि वैशाखांतील असह्य ऊन एवढेंच चित्र बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. संगीत रंगभूमीचा विषय निघाला म्हणजे लोक पुण्याचें नांव घेतील, सांगली-मिरजेचें घेतील, कोल्हापूर, बडोदें व गोमंतक यांचें घेतील. जळगांव आणि धुळें हीं नांवें मात्र सहसा कोणाच्या तोंडीं येत नाहींत. तथापि मराठी रंगभूमीवरील दोन थोर गायकनटांच्या चरित्रांतले धागे याच तापीकांठच्या मुलुखांत येऊन पोंचतात. एकाचा धागा जळगांवीं, गाण्याच्या पहिल्या धड्याशीं. दुसऱ्याचा धुळें जिल्ह्यांतील थाळनेर गांवीं, लग्नाच्या बोहल्याशीं. पहिले नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. दुसरे मास्टर दीनानाथ मंगेशकर.

या दोघांच्या गाण्याचे गोडवे आजवर पुष्कळांनीं गायिले आहेत. आम्हांस या लेखांत एका निराळ्याच गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे, आणि ती म्हणजे नाटकमंडळीचें नांव. माणसें येतात, जातात, भांडतात, मरतात. पाटीवरचें नांव मात्र तसेंच राहतें, आणि प्रेक्षक तिकीट काढतो तें बहुधा त्या नांवाकडे पाहून. मग तें नांव खरोखर कोणाचें? ज्यानें पाटी लाविली त्याचें, जो गातो त्याचें, कीं शेवटीं जो कर्ज अंगावर घेतो त्याचें?

जुनी फिरती नाटकमंडळी डोळ्यांनीं पाहिलेले वाचक आतां फारच थोडे उरले असतील. म्हणून तिची व्यवस्था थोडक्यांत सांगतों. मंडळीचे मालक बहुधा दोन-चार भागीदार असत. त्यांतला एखादा गाण्याचा, एखादा गद्य अभिनयाचा, एखादा हिशेबाचा. त्यांच्या हाताखालीं पगारी नट, सारंगीये-तबलजी, पडदे ओढणारे, रंगपट सांभाळणारे व आचारी असा लवाजमा. साऱ्यांचें बिऱ्हाड एक आणि पंगतही एक. गोड गळ्याचा एखादा मुलगा मंडळींत आला कीं त्याचें जेवणखाण, कपडेलत्ते व तालीम हीं मंडळीच्या खर्चानें होत. गळा कोंवळा आहे तोंवर त्याच्या वांट्यास स्त्रीभूमिका येत. आवाज फुटल्यावर पुढें काय, हें ज्याचें त्याचें नशीब. पगार ठरलेला असे, पण तो ठरल्या दिवशीं हातीं पडेलच याचा भरंवसा नसे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें सारें ओळखीचें वाटेल. कर्ता, त्याचे भाऊ, आश्रित, स्वयंपाकघर, रुसवेफुगवे, आणि मग एक दिवस वांटणीची भाषा! फरक इतकाच कीं घराच्या वांटणींत जमीन आणि भांडीं विभागतां येतात; मंडळीच्या वांटणींत गळा विभागावा लागतो, आणि तो ज्याच्या मानेवर आहे त्याच्याबरोबरच निघून जातो.

अशा मंडळ्यांच्या फिरतीस खानदेश सोयीचा होता. जळगांव हें मुख्य लोहमार्गावरील ठाणें, शिवाय सुरतेकडून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे तेथेंच मिळते. धुळ्यास चाळीसगांवाहून फांटा गेलेला. पडद्यांचीं गुंडाळीं व पोषाखांचे पेटारे वाघिणींतून उतरवून थेट नाटकगृहापाशीं नेतां येत. १९०६ सालीं खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगांव व धुळें हीं दोन्ही जिल्ह्याचीं मुख्य ठिकाणें बनलीं. (जळगांव व धुळें हीं नांवें जिल्ह्यांस १९६० सालीं मिळालीं.) त्यामुळें वकील, मास्तर, कचेरींतील कारकून आणि कापसाचे व्यापारी अशी तिकीट काढून नाटक पाहणारी वस्ती दोन्हीकडे वाढली. कापसाच्या हंगामांत ह्या मुलुखांत पैसा खेळतो, हें तर मंडळीच्या मालकांस कोणी सांगावयास नकोच होतें.

आतां मूळ मंडळीकडे वळूं. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें आणि तेथून किर्लोस्कर नाटक मंडळीचा जन्म धरतात. पहिल्या संचांत मोरोबा वाघोलीकर दुष्यंत होते, तर शकुंतलेचें काम शंकरराव मुजुमदारांकडे होतें. दोन वर्षांनीं बडोद्याकडून भाऊराव कोल्हटकर आले आणि शकुंतला, सुभद्रा या भूमिका त्यांच्याकडे गेल्या. 'सौभद्र' १८८२ सालचें. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, २ नोव्हेंबर १८८५ रोजीं, अण्णासाहेब वारले. त्यांचें वय तेव्हां बेचाळीस होतें, आणि त्यांचें तिसरें नाटक 'रामराज्यवियोग' अपुरेंच राहिलें होतें. ज्याच्या नांवानें मंडळी चालली तो गेला. आतां ही पाटी उतरणार असें कोणासही वाटलें असतें. पण पाटी उतरली नाहीं. चाली होत्या, नाटकें होतीं, गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीममास्तर व नाटककार होता, आणि भाऊरावांचा गळा होता. या गळ्याच्या बळावर मंडळीनें आणखी पंधरा वर्षें काढलीं. वय वाढतां भाऊरावांनीं स्त्रीभूमिका सोडून पुरुषभूमिका घेतल्या. देवलांच्या 'शारदें'त ते कोदंड झाले. १९०१ च्या फेब्रुवारींत भाऊरावही गेले. मंडळीवर आलेली ही दुसरी आपत्ति पहिलीपेक्षां मोठी होती, कारण अण्णासाहेबांच्या मागें त्यांचीं नाटकें राहिलीं होतीं. भाऊरावांच्या मागें त्यांचा आवाज राहणें शक्य नव्हतें.

याच सुमारास जळगांवांत एक मुलगा गाणें शिकत होता. नारायण श्रीपाद राजहंस याचा जन्म १८८८ चा. शिक्षणाकरितां त्यास जळगांवीं आप्तांकडे ठेविलें होतें. शाळेंत त्यानें कितपत प्रगति केली याची चर्चा करण्यांत अर्थ नाहीं. ती बेताचीच असावी असा आमचा तर्क आहे. पण गांवांत मेहबूबखान नांवाचे गवई होते आणि त्यांच्यापाशीं ह्या मुलाचें गाण्याचें प्राथमिक शिक्षण झालें. पुढें भास्करबुवा बखल्यांसारखे थोर गुरु त्यास लाभले, म्हणून मेहबूबखानांचें नांव चरित्रकार एका ओळींत उरकून टाकतात. आम्हांस हें न्याय्य वाटत नाहीं. मुलाच्या गळ्यास पहिलें वळण लावणारा माणूस बहुधा लहानशा गांवांतलाच असतो, त्याला ना बिदागी मिळते ना कीर्ति. आणि त्यानें तें वळण चुकीचें लाविलें असतें तर पुढच्या थोर गुरूंनीं काय केलें असतें, हा विचार सहसा कोणी करीत नाहीं. पुण्यांत लोकमान्य टिळकांनीं ह्या मुलाचें गाणें ऐकून त्यास 'बालगंधर्व' म्हटलें, ही आख्यायिका घरोघर ठाऊक आहे. त्यापुढें कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या आश्रयानें कानाच्या दुखण्यावर उपचारासाठीं तो मिरजेस गेला, आणि तेथेंच १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळीच्या शकुंतलेचा मुखवटा त्याच्या चेहऱ्यावर चढला.

म्हणजे पंचवीस वर्षांत मंडळीची शकुंतला निदान तिसऱ्यांदा बदलली. मुजुमदारांची, भाऊरावांची आणि आतां राजहंसांची! तरी प्रेक्षक 'किर्लोस्करांचें शाकुंतल' पाहावयास जात होता, मुजुमदारांचें किंवा भाऊरावांचें नव्हे. नांवाची ही ताकद विलक्षण खरी. पण तिला मर्यादा आहे, हें लौकरच दिसून आलें. १२ मार्च १९११ रोजीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'मानापमान' आलें. गोविंदराव टेंबे यांच्या चाली, नानासाहेब जोगळेकर धैर्यधर, गणपतराव बोडस लक्ष्मीधर आणि बालगंधर्व भामिनी. त्याच दिवशीं बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीचा अंत झाला होता व तरीही त्यांनीं प्रयोग थांबविला नाहीं, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिचें कौतुक करावें कीं मंडळीच्या त्या शिस्तीची धास्ती घ्यावी, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं. जोगळेकर त्याच वर्षीं वारले. आणि १९१३ सालीं, व्यवस्थेसंबंधीं बेबनाव विकोपास जाऊन, बालगंधर्व, बोडस व टेंबे हे तिघे बाहेर पडले. त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. मागें उरलेल्या किर्लोस्कर मंडळीचीं सूत्रें मुजुमदारांकडे होतीं. म्हणजे १८८० ची पहिली शकुंतला अजून घर राखीत बसली होती आणि १९०५ ची शकुंतला वेगळी चूल मांडून निघून गेली होती.

हा पेंच आपल्याकडचाच आहे असें मात्र नाहीं. जर्मनींत १९९० च्या आगेंमागें नाचण्याच्या संगीताचा एक प्रकार फार लोकप्रिय झाला. यंत्रावर बांधलेला जलद ठेका, एका पुरुषाचें तालबद्ध बोलणें आणि एका स्त्रीचें उंच पट्टींतलें गाणें, असें त्याचें रूप. त्यास यूरोडान्स म्हणतात. फ्रांकफुर्टकडील टॉर्स्टन फेन्स्लाउ ह्या गृहस्थानें १९८९ सालीं 'कल्चर बीट' नांवाचा संच उभा केला. आरंभीं एक गायक, मग लाना अर्ल, मग तानिया इव्हान्स व तिच्या जोडीस जे सुप्रीम, अशीं माणसें बदलत गेलीं. १९९३ सालीं त्यांचें 'मिस्टर व्हेन' हें गाणें जर्मनींत व इंग्लंडांत दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर चढलें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत फेन्स्लाउ मोटारीच्या अपघातांत वारला. संच बुडाला काय? नाहीं. धाकट्या भावानें धंदा हातीं घेतला. पुढें तानिया इव्हान्स गेली, किम सँडर्स आली, २००१ पासून जॅकी सँगस्टर गाऊं लागली. पाटी तीच राहिली. याहून चमत्कारिक गोष्ट त्याच देशांत आधींच घडून गेलेली होती. 'बोनी एम' ह्या संचांत रंगमंचावर नाचणारा पुरुष बॉबी फॅरेल असे आणि ध्वनिमुद्रिकेंतला पुरुषी आवाज मात्र संच काढणाऱ्या फ्रँक फारियनचा असे. आमच्या मंडळ्यांत पुरुष स्त्रीचा वेष घेई, पण गळा तरी स्वतःचाच वापरी!

अण्णासाहेबांच्या मृत्यूनंतरची किर्लोस्कर मंडळी आणि फेन्स्लाउच्या मृत्यूनंतरचा तो जर्मन संच यांची जात एकच आहे. संस्थापक गेला तरी घडण शिल्लक राहिली आणि त्या घडणींत नवीं माणसें बसवितां आलीं. परंतु तिकडे गाण्याचा मुख्य भाग यंत्रांत बांधून ठेवलेला असतो, त्यावर गळा बसवावयाचा. इकडे पद तेंच असलें तरी रोज रात्रीं नट तें नव्यानें उभें करी. 'वन्समोअर' पडला कीं पुन्हां, आणि तेंही निराळ्या अंगानें. त्यामुळें गवई गेला कीं चालीचा सांगाडाच तेवढा मागें राही. १९१३ नंतर किर्लोस्कर मंडळीचें झालें तें हेंच. तिनें नवे गळे शोधावयास सुरुवात केली आणि गोमंतकांतील मंगेशीचा एक चौदा वर्षांचा मुलगा तिला सांपडला.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा. त्यांच्या गळ्यांतील तानेची झेंप व तेज बालगंधर्वांच्या मधुर लडिवाळ गायकीहून अगदीं भिन्न. त्यामुळें जुन्या मंडळीस नवा रंग चढला. पण ज्या घरास एकदां वांटणीची संवय लागली तें पुन्हां एकत्र राहत नाहीं म्हणतात, त्याचा प्रत्यय पांच वर्षांच्या आंत आला. १९१८ सालीं दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे हे बाहेर पडून त्यांनीं बळवंत संगीत मंडळी स्थापिली. अण्णासाहेब किर्लोस्करांचेंही पाळण्यांतलें नांव बळवंतच. वाचकांनीं या योगायोगाचा हवा तो अर्थ घ्यावा. दीनानाथांचें वय अठराही पुरें नव्हतें, आणि ते मालक झाले.

बळवंत मंडळीचें भाग्य उघडलें तें राम गणेश गडकऱ्यांच्या हातून. क्षयानें अंथरुणास खिळलेल्या गडकऱ्यांनीं 'भावबंधन' कसेंबसें पुरें केलें आणि २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें त्यांनीं देह ठेविला. नाटक रंगभूमीवर आलें तें लेखकाच्या मागें. चिंतामणराव घनश्याम आणि दीनानाथ लतिका. घनश्यामाच्या कुटिल विद्वत्तेनें प्रेक्षकांस घाम फुटावा व लतिकेच्या पदांनीं तो टिपला जावा, अशी ही जोडी होती. आमच्या मतें बळवंत मंडळीचें सारें सामर्थ्य या एका नाटकाच्या मांडणींत दिसून येतें. गंधर्व मंडळींत सर्व वाटा एकाच माणसापाशीं येऊन थांबत. बळवंत मंडळी दोन पायांवर उभी होती, एक गाण्याचा आणि एक गद्याचा. भागीदारीचें हेंच बळ आणि हाच धोका. पुढें रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम दीनानाथांस लाभली. वीर वामनराव जोशांचें 'रणदुंदुभि' १९२७ सालीं आलें, आणि १९३१ सालीं, रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचें 'संन्यस्त खड्ग' मंडळीनें रंगभूमीवर आणिलें. दीनानाथांच्या आवेशी गायकीस हीं नाटकें जणूं मापानेंच शिवलेलीं होतीं.

याच चढत्या काळांत दीनानाथ खानदेशचे जांवई झाले. थाळनेर हें गांव शिरपूर तालुक्यांत तापीच्या कांठीं आहे. आज तें लहानसें खेडें दिसलें तरी त्याचा पूर्वेतिहास मोठा आहे: खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याची पहिली राजधानी तेथें होती, बऱ्हाणपुराचें वैभव नंतरचें. त्यांचीं थडगीं अजून तेथें उभीं आहेत, आणि नदीवरचा किल्ला १८१८ सालीं इंग्रजांनीं घेतला. या गांवचे हरिदास रामदास लाड हे प्रतिष्ठित गुजराती व्यापारी. त्यांची कन्या नर्मदा हिचा विवाह १९२२ सालीं दीनानाथांशीं झाला. सासरीं तिचें नांव श्रीमती ठेविलें. त्या काळीं सुखवस्तु व्यापारी घरानें आपली मुलगी नाटकवाल्यास देणें ही साधी गोष्ट नव्हे. नट कितीही नांवाजलेला असो, त्याच्यामागें फिरतें बिऱ्हाड, उधारीचा व्यवहार आणि रात्रीचा धंदा हीं असतच. आणि येथें तर जात व भाषाही निराळी. श्रीमतीबाईंस झालेली मुलगी लहानपणींच गेली; तिचें नांव लतिका होतें. १९२६ सालीं श्रीमतीबाईही गेल्या. पुढल्या वर्षीं लाडांनीं धाकटी कन्या शेवंती दीनानाथांस दिली. एक मुलगी त्या घरीं देऊन गमावल्यावर दुसरी देण्यास बापाच्या मनाची काय तयारी झाली असेल, हें मुलींचे बाप असलेल्या आमच्या वाचकांनींच ओळखावें. शेवंतीचें नांव शुद्धमती झालें. पुढें महाराष्ट्रानें तिला माई मंगेशकर म्हणून ओळखलें. २८ सप्टेंबर १९२९ रोजीं इंदुरास त्यांस पहिली मुलगी झाली. पाळण्यांतलें नांव हेमा. परंतु 'भावबंधना'तल्या लतिकेवरून घरांत तिला लता म्हणूं लागले.

गंधर्व मंडळीचें तिकडे काय चाललें होतें? टेंबे लौकरच वेगळे झाले आणि त्यांनीं शिवराज नाटक मंडळी काढली. बोडसही पुढें बाजूस झाले. पाटीवर मूळच्या तीन नांवांपैकीं एकच खऱ्या अर्थानें उरलें, आणि तेंच पाटीचें नांव असल्यामुळें लोकांस बदल झाल्यासारखा वाटलाच नाहीं! वैभव डोळे दिपविणारें होतें: तबल्यास अहमदजान थिरकवा, सारंगीस कादरबक्ष, पडदे, शालू, अत्तरें यांस तर गणतीच नाहीं. कर्जासही गणती नव्हती. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं गंधर्व मंडळी व केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनीं मिळून 'मानापमान' केलें, तेव्हां अवघा महाराष्ट्र लोटला. तीन महिन्यांत केशवराव निवर्तले. बालगंधर्वांनीं मात्र नादारी न पत्करतां कर्ज फेडण्याचा हट्ट धरिला व तो पुष्कळ अंशीं तडीस नेला.

मग बोलपट आला. 'आलम आरा' मार्च १९३१ मध्यें लागला. १९३२ सालीं प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि त्यांत हरिश्चंद्र कोण? गंधर्व मंडळीचे एके काळचे भागीदार गोविंदराव टेंबे! पत्र्याच्या चार डब्यांत मावणारा खेळ जळगांवांत, धुळ्यांत, अंमळनेरास एकाच आठवड्यांत दाखवितां येई. त्यास ना पंगत घालावी लागे ना आजारी पडलेल्या नायिकेची वाट पाहावी लागे. पन्नास-साठ माणसांचें बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या मंडळीनें याच्याशीं टक्कर द्यावी कशी? बळवंत मंडळीनें १९३३ सालीं विश्राम बेडेकरांचें 'ब्रह्मकुमारी' करून पाहिलें आणि मग शत्रूच्याच छावणींत शिरण्याचें ठरविलें. सांगलीस बळवंत पिक्चर्स निघाली, १९३४ सालीं 'कृष्णार्जुनयुद्ध' हा बोलपट तयार झाला. तो चालला नाहीं. नाटकांत सांचविलेलें होतें तें सारें त्यांत गेलें, वर कर्ज झालें, आणि सोळा वर्षें एका नांवाखालीं राहिलेले भागीदार वेगळ्या वाटांनीं निघून गेले.

येथें मंडळीच्या नांवाचा आणि माणसाचा हिशेब एकदम समोर येतो. किर्लोस्करांचें नांव संस्थापकाच्या मागें टिकलें. ललितकलादर्शचें नांव केशवरावांनंतर बापूराव पेंढारकरांनीं व त्यांच्यामागें पुत्र भालचंद्र पेंढारकरांनीं चालविलें. १ जानेवारी १९०८ रोजीं हुबळीस लागलेली ती पाटी शतक ओलांडून गेली. बळवंतचें नांव मात्र माणसें जिवंत असतांनाच पुसलें गेलें. आमच्या मतें याचें कारण एकट्या बोलपटांत शोधणें बरोबर नाहीं. ललितकलादर्शनें मामा वरेरकरांसारख्या लेखकांकडून काळास धरून नाटकें लिहवून घेतलीं आणि पेंढारकर पितापुत्रांनीं मंडळी हाच आपला घरधंदा मानला. बळवंतनें आपल्याजवळ जें उत्तम होतें तें, म्हणजे रंगभूमीवरील जिवंत गळा, सोडून ज्यांत आपणांस गति नाहीं अशा धंद्यांत एकाच डावावर सर्वस्व लाविलें. गंधर्वांनींही १९३५ मध्यें प्रभातच्या 'धर्मात्म्यां'त एकनाथाचें काम केलें, पण त्यांत भांडवल दुसऱ्याचें होतें. मन न रमल्यावर ते परत रंगभूमीवर येऊं शकले. १९३८ च्या सुमारास त्यांच्या मंडळींत गोहरबाई कर्नाटकी आल्या आणि नायिका स्त्रीच झाली. मंडळीचा हा शेवटचा व सर्वांत मोठा पालट.

दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजीं पुण्यास वारले. वय अवघें एकेचाळीस. थाळनेरच्या शेवंतीच्या पदरांत पांच मुलें: लता, मीना, आशा, उषा आणि पांच वर्षांचाही नसलेला हृदयनाथ. लता तेव्हां तेरा वर्षांचीही नव्हती. मंडळी असती तर भागीदारांनीं घर सांभाळलें असतें, पंगतींत पानें तरी मांडलीं गेलीं असतीं. पण मंडळी आठ वर्षांपूर्वींच मोडली होती. मास्टर विनायकांनीं मुलीस चित्रपटांत काम दिलें आणि त्याच वर्षीं 'पहिली मंगळागौर'मध्यें ती दिसली. त्यापुढची हकीकत आम्हीं सांगावयास नको. एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे: लताबाईंच्या कानांवर लहानपणीं पडलें तें सारेंच नाट्यसंगीत व रागदारी नव्हतें. पावागडच्या गरब्यासारखीं गुजराती लोकगीतें त्यांनीं आपल्या आजीपासून उचललीं, आणि ही आजी म्हणजे आईची आई, थाळनेरची.

या मंडळ्यांतल्या माणसांनीं आपली बाजू लिहून ठेविली, हें आपलें मोठें भाग्य. बोडसांचें 'माझी भूमिका' १९४० चें, टेंब्यांचें 'माझा जीवनविहार' १९४८ चें, चिंतामणरावांचें 'बहुरूपी' १९५७ चें, आणि बेडेकरांचें 'एक झाड आणि दोन पक्षी' त्याच्याही नंतरचें. एकाच भांडणाची हकीकत निरनिराळ्या भागीदारांच्या तोंडून ऐकण्यांत जी मौज आहे ती एकट्याच्या चरित्रांत नाहीं. ज्या घरीं हीं पुस्तकें असतील त्यांनीं तीं एकापुढें एक ठेवून वाचावीं. मालकांनीं लिहिलें, पगारी नटांनीं, आचाऱ्यांनीं व पडदे ओढणाऱ्यांनीं कांहीं लिहिलें नाहीं, आणि मेहबूबखानांनींही नाहीं. जळगांवांत आज एका खुल्या नाट्यगृहास बालगंधर्वांचें नांव आहे व त्यांच्याच नांवें संगीत महोत्सवही भरतो. परंतु या मुलुखांत मंडळ्यांचे मुक्काम कोठें पडत, कोणाच्या वाड्यांत बिऱ्हाड उतरे, कोणत्या शेटजीनें रक्कम उसनी दिली आणि ती परत आली कीं नाहीं, हें खानदेशांतल्या जुन्या घरांतील वह्या आणि ट्रंका यांनाच ठाऊक. जळगांव, धुळें, अंमळनेर, शिरपूर या बाजूच्या कोणा वाचकाच्या माळ्यावर नाटकाची जुनी जाहिरात, पदांचें पुस्तक किंवा उधारीची वही निघाली, तर ती रद्दींत घालण्यापूर्वीं घरांतल्या वडील माणसांस एकवार दाखवावी आणि त्यांना जें आठवेल तें त्याच वहीच्या कोऱ्या पानावर लिहून घ्यावें.